मास्तरांनी ठेवलेली नावे

त्या दिवशी मास्तरांनी मला माझ्या नावाने हाक मारली. आधी माझे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव आणि शेवटी साहेब. मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होतो. मी उभा राहिलो. ते म्हणाले, "बसा." मी बसलो.

त्याआधी ते मला कंपनी म्हणत.

माझे गाव शेवगावकडचे, गोदावरीच्या पलीकडे, इंग्रजांच्या राज्यात. आईचे माहेर पैठण, म्हणजे निजामाच्या राज्यात. आजोळच्या ओळखीवर मला औरंगाबादच्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली. पहिल्या दिवशी खोलीत शिरलो तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक उंच, किडकिडीत गृहस्थ पाय वर घेऊन उकिडवे बसले होते. शेरवानीची वरची दोन बटणे उघडी होती.

"कुठला रे तू?"

"शेवगावचा."

"नदीच्या अल्याड का पल्याड?"

"पल्याड."

"म्हंजे कंपनी सरकारचा माणूस. ये, बस. तोफा तेवढ्या बाहेर ठेव."

सगळी खोली हसली. कंपनी सरकार जाऊन तेव्हाही जमाना झाला होता, पण मास्तरांच्या भूगोलात गेलेली राज्येही शाबूत होती. मला घरची आठवण येत होती आणि कोणाशी बोलावे कळत नव्हते. त्या एका नावाने मला त्या खोलीत जागा मिळाली. आज कोणी विचारले तर मी हेच सांगेन. तेव्हाही मी त्यांना हेच सांगितले होते, पण ते पुढे येईल.

शाळा उर्दू माध्यमाची होती. भूगोलाला जुगराफिया म्हणत, म्हणून त्यांना सारे जुगराफिया मास्तर म्हणत. ते इथल्याच मुसलमान घरातले. घरात दखनी बोलत, आमच्याशी मराठी आणि साहेब लोकांशी उर्दू. राहायला उस्मानपुऱ्याला. तिथून ते रोज पायी येत आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत. शाळेत पोहोचेपर्यंत त्यांना रोज उशीर झालेला असे.

त्यांनी नकाशा कधी भिंतीवर लावला नाही. पोरांना घेऊन ते मैदानात जात, चुन्याची एक रेघ मारत आणि सांगत, ही गोदावरी. मग ज्या पोराचे मूळ गाव जिकडचे, त्याला तिकडे उभे करत. नांदेडचा रेघेच्या टोकाला, बीडचा खाली, बिदरचा त्याहून खाली उन्हात. सावली फक्त वैजापूरवाल्यांना मिळे, कारण कडुलिंब तिकडे होता. मी जवळून चाललो की रेघेपलीकडे बोट दाखवत, "ए कंपनी, तिकडं उभा ऱ्हा! परवान्याशिवाय इकडं पाऊल टाकायचं नाय." पोरे आनंदाने ओरडत. मी उभा राही.

दुपारी ते पोरांच्या भाकरीचा वास घेऊन तालुका सांगत.

"बाजरी. वैजापूर."

"नाय मास्तर, गंगापूर."

"एकच की रे ते. मधी एक ओढा हाय."

शाळेत त्यांनी ज्याला नाव ठेवले नाही असा माणूस नव्हता. कवायतीचे मास्तर अरबांच्या वंशातले, ते चाऊस. कारकून राजस्थानकडचा, तो मारवाडी. विज्ञान शिकवणारे लखनौकडचे होते, ते हिंदुस्तानी. जणू औरंगाबाद हिंदुस्थानाच्या बाहेर होते. यात नवीन काही नव्हते, गाव असेच बोलत असे. मास्तरांचे वेगळेपण इतकेच की त्यांनी याचे एक शास्त्र केले होते.

"नाव म्हंजे काय रे कंपनी? बापानं ठेवलं, चिकटलं. मी मारवाडी म्हटलं की वाळू आली, उंट आला, तिथून चालत आलेला त्याचा आजा आला. त्याचं नाव घेतलं तर नुसता बाप येतो. आता सांग, मान कशात जास्ती?"

"पण मास्तर, त्याला कोणी विचारलंय का?"

"हाकेला ओ देतो ना? मग झालं."

एकदा मी बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला नगरकडे गेलो होतो. आमच्या त्या भागात निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणतात आणि मोगलाई म्हणजे अंदाधुंदी. मी औरंगाबादहून आलेला, म्हणून पंगतीत मुलाचा चुलता मोठ्याने म्हणाला, "मोगलांना वाढा रे आधी, नाय तर लुटतील." सारे हसले. मीही हसलो, पण त्यानंतर वाढायला आले की पानावर हात आडवा धरला. परत आल्यावर मास्तरांना सांगितले. त्यांनी डोके खाजवले. मग म्हणाले, "मी म्हटलो असतो मोगल, तर?"

"तर काही वाटलं नसतं."

"बघ. शब्द तोच. खोट शब्दात नाय." आणि एवढ्यावर ते समाधानाने चहा प्यायले.

त्यांना स्वतःलाही एक नाव होते. ते घेण्याचा हक्क एकाच माणसाला होता. गणिताचे मास्तर वारंगळकडचे, तेलुगू बोलणारे. ठेंगणे, काळेसावळे, कपाळावर कायम एक आठी. पोरे त्यांना वचकून असत. छडी न उगारता त्यांच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येई. जुगराफिया मास्तर त्यांना तेलंगा म्हणत आणि ते यांना दखनी. दखनी हे तसे साधे नाव नव्हते. उत्तरेकडून आलेले अंमलदार इथल्या माणसाला दखनी म्हणत तेव्हा त्यात गावंढळ, अडाणी असे सगळे येई. एकदा चाऊस मास्तरांनी गमतीत त्यांना दखनी म्हटले, तर हे दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण गणिताच्या मास्तरांच्या तोंडून ते नाव ऐकायला यांचे कान टवकारलेले असत.

"क्या रे तेलंगे, आज बी इमली?"

"हौ रे दखनी. तेरे बाप ने देखी थी क्या ऐसी इमली?"

"मेरे बाप ने बहुत कुछ देखा. तेरे सरीखा कंजूस नै देखा."

"कंजूस? परसाल की मिरच्या किस ने खायी फिर?"

गणिताचे मास्तर गावाहून येताना यांच्यासाठी चिंचेचा गोळा आणि लाल मिरच्या आणत. हे त्यांना दौलताबादची सीताफळे देत. शाळा सुटली की दोघे स्टेशनपर्यंत चालत जात. गाडी यायची असली की थांबून ती बघत. कोणाला आणायचे नसे, पोहोचवायचे नसे. गाडी गेली की उठत. त्या दोघांमागे काही वेळा मीही चाललो आहे. ते बहुतेक भांडत असत. तसे भांडायला मला आयुष्यात कोणी मिळाले नाही.

मग तो तपासणीचा दिवस आला. हैदराबादहून आलेले साहेब मूळ उत्तरेकडचे. आवाज मऊ, उर्दू इतकी स्वच्छ की आम्हाला आमच्या तोंडाची लाज वाटावी. हेडमास्तर एकेकाची ओळख करून देत पुढे सरकत होते. गणिताच्या मास्तरांपाशी ते अडखळले. नाव लांब, त्यात घराण्याचे नाव आधी. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडली. साहेब वाट बघत थांबले. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला. तेव्हा जुगराफिया मास्तर पुढे झाले.

"हुजूर, हम तो इनकू तेलंगा बोलते. शहर में किसी कू बी पूछो, येइच नाम है."

घरातली चांगली वस्तू पाहुण्याला दाखवावी तसे त्यांनी ते सांगितले. चेहऱ्यावर अभिमान होता. साहेब हसले. "बहुत खूब. आसान है."

मास्तर हसले, आम्ही सगळे हसलो. गणिताचे मास्तरही हसले. मी बघत होतो म्हणून सांगतो, ते हसले होते.

त्यानंतर साहेब त्यांच्या वर्गावर गेले. माझा वर्ग शेजारी आणि मधली भिंत छतापर्यंत नव्हती. मला सगळे ऐकू येत होते.

"तेलंगा, यह सवाल दोबारा समझाओ."

त्यांनी समजावले.

"तेलंगा, ज़बान ज़रा साफ़ करो. लड़कों की उर्दू बिगड़ जाएगी."

त्यावर मागच्या बाकावर एक पोरगा हसला. मग दोघेतिघे. साहेबांनी त्यांना दटावले नाही. त्या वर्गात कोणी हसल्याचे मी पहिल्यांदा ऐकले.

संध्याकाळपर्यंत ते नाव पोरांच्या बोर्डिंगात पोहोचले होते. दुसऱ्या दिवशी ते फळ्याकडे वळले की मागून हाक येई, "तेलंगाऽ". ते वळत तेव्हा साऱ्यांच्या माना वहीत असत. आधी त्यांनी दुर्लक्ष केले. मग ज्यांनी कधी छडी वापरली नव्हती त्यांनी छडी वापरली. मग तीही टाकली. शेवटी शेवटी ते पोरांकडे पाठ करून फळ्याशी बोलत आणि तासाची घंटा झाली की खडू ठेवून निघून जात. भिंतीपलीकडून मला आता टाचणीचा नाही, बाकांचा आवाज येई.

खोलीत ते कोणाशी भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुगराफिया मास्तरांनी नेहमीसारखी हाक मारली, "क्या रे तेलंगे?" त्यांनी पुस्तक मिटले, मान किंचित लववली आणि म्हणाले, "जी, फ़रमाइए मास्टर साब."

मास्तरांना ती थट्टा वाटली. "ए, मेरेकू दखनी बोल ना रे."

"आप बुज़ुर्ग हैं," ते म्हणाले.

दोघांच्या वयात फार तर वर्षाचा फरक असेल.

काही महिन्यांनी गणिताच्या मास्तरांनी वारंगळला बदली मागून घेतली. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. मास्तरांनी टोपलीभर सीताफळे आणली होती. "आपने तकलीफ़ क्यों की," असे म्हणून त्यांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली. गाडी हलली तशी मास्तर खिडकीबरोबर चालू लागले. "एक बार बोल रे. एक बार." आतून नमस्कार झाला. गाडी गेली. मास्तर फलाटाच्या टोकाला कितीतरी वेळ उभे होते. मी आणि चाऊस मास्तर त्यांना धरून घरी घेऊन गेलो.

सुट्टी लागली तसे मास्तर वारंगळला जाऊन आले. शाळा उघडली त्या दिवशी त्यांनी मला नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि साहेब अशी हाक मारली.

काय झाले ते त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितले. "पाय धुवायला गरम पाणी दिलं त्यानं. पोरांना सलाम करायला लावलं. बाईंनी पडद्याआडून पाच पदार्थ धाडले. मी विचारलं, खरं सांग, माझ्यावर राग हाय का? म्हणाला, किस बात का? मी ती सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, मुझे तो याद भी नहीं, साब. निघताना स्टेशनावर आला. गाडी सुटेपर्यंत उभा. इतका अदब मला आयुष्यात कुणी दाखवला नाय रे." मग थांबून ते म्हणाले, "नाय हो."

ते 'हो' त्यांनी मुद्दाम लावले. मला 'अरे' म्हणणे त्यांनी त्या दिवसापासून सोडले होते.

"मला एकच कळून घ्यायचं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी लागलं, का पहिल्यापासून लागत होतं? त्या दिवशी लागलं असंल तर माझं एक दिवसाचं चुकलं. पहिल्यापासून लागत असंल तर..."

"ते तुम्हाला दखनी म्हणत. तुम्हाला लागलं का?" मी विचारले.

"नाय. पण मी माझ्या गावात बसलो होतो. तो नव्हता."

मग ते एकेकाला विचारत सुटले. कारकुनाला विचारले, "शेठजी, मी आपल्याला मारवाडी म्हणत होतो. आपल्याला वाईट वाटत होतं का?" तो घाबरला. त्याला वाटले याच्या मागे काही कारस्थान आहे. "नाही हो मास्तर, काय झालं? कोणी काही बोललं का?" लखनौकडचे मास्तर हसून म्हणाले, "जनाब, हम हिंदुस्तानी हैं ही." त्यांनी मलाही विचारले. मी सांगितले, मला नाही लागले, उलट बरे वाटे. ते खरे होते. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितले आणि म्हणाले, "त्यानं पण असंच सांगितलं."

खरे 'नाही' आणि सभ्य 'नाही' कानाला सारखेच येतात.

चाऊस मास्तर मात्र भडकले. त्यांना मास्तरांनी पूर्ण नावाने, जनाब लावून, चहाला बोलावले होते.

"मैं तुमारा दुश्मन है क्या?" ते दारातूनच ओरडले. "चाऊस बोलने कू क्या हुआ? मुँह दुखता?"

"आपल्याला वाईट वाटलं असंल तर..."

"कधी वाटलं नाय! आत्ता वाटायलंय! घरात बायकोला सांगितलं, मास्तर मला जनाब म्हणतो. ती म्हणली, काय भांडण केलंत त्यांच्याशी?"

मास्तर नम्रपणे ऐकत राहिले. "आपलं म्हणणं ऐकून घेतलं," ते म्हणाले. चाऊस मास्तर चहा न घेता गेले.

औरंगाबादेत नाव घेऊन, साहेब लावून बोलतात ते परक्याशी, अंमलदाराशी, किंवा ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याच्याशी. मास्तरांना हे माहीत नव्हते असे नाही. पण त्यांच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. एकेक माणूस त्यांच्या खुर्चीपासून दूर सरकला. कोणी भांडले नाही. त्यांच्यासमोर कसे बसावे हेच कोणाला कळेना. ते पाय खाली सोडून, बटणे लावून बसू लागले. मैदानातली चुन्याची रेघ पावसात वाहून गेली, ती पुन्हा कोणी मारली नाही. वर्गात नकाशा लागला. काठी टेकवून ते सांगत, हा अमुक जिल्हा, पिके अमुक. भाकरीचा वास कोणी घेतला नाही. पोरे जांभया देत. मास्तर वेळेवर मात्र येऊ लागले, कारण वाटेत आता कोणाशी बोलणे नव्हते.

पुढची वर्षे राज्याचीच वाईट गेली. चौकाचौकात लोक एकमेकांना नावे ठेवू लागले. ती मास्तरांच्या नावांहून वेगळी नव्हती, पण ती ऐकली की दार लावून घ्यावेसे वाटे. मग पोलीस अॅक्शन झाली, निजामाचे राज्य गेले. त्या दिवसांत निजामाच्या फौजेतले समजून अरब माणसे ओळखली जात आणि उचलली जात. एका दुपारी चाऊस मास्तर खोलीत आले. दाढी काढून टाकली होती. मास्तरांच्या समोर उभे राहून ते हळू म्हणाले, "मास्तर, मेरेकू चाऊस मत बोलो. रस्त्यात तर नकोच."

"मी कुठं म्हणतो?" मास्तर म्हणाले.

"हौ," चाऊस मास्तर म्हणाले. "भूल गया."

मग ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि मास्तरांनी वही उघडली. एकेकाळी या खोलीत इतका गोंगाट होई की हेडमास्तर शिपाई पाठवत.

निवृत्तीनंतर मास्तर उस्मानपुऱ्यातल्या घरातून फारसे बाहेर पडले नाहीत. मी जात असे. ते उठून उभे राहत, मला चांगली खुर्ची देत, आपण म्हणत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, ज्याला त्यांनी कधी काही नाव ठेवले नव्हते त्यालाही, ते विचारत, "माझ्या बोलण्यानं आपल्याला कधी लागलं का?" त्यांच्या जावयाला संकोच होई. तो आम्हाला बाहेर येऊन सांगे, वयामुळे असे करतात, मनावर घेऊ नका. वयाचा त्यात काही संबंध नव्हता.

शेवटी भेटलो तेव्हा ते पडून होते. उठता येत नव्हते याची त्यांनी माफी मागितली. मग तोच प्रश्न विचारला.

"नाही, मास्तर," मी म्हणालो. "कधीच नाही."

त्यांनी डोळे मिटले. "आपण फार सभ्य आहात," ते म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. वारंगळला कळवायचे मनात आले, पण तिथला पत्ता कोणाकडे नव्हता. पुढे कोणीतरी सांगितले की गणिताचे मास्तर त्यांच्या आधीच वारले. चाऊस मास्तर मुलाकडे हैदराबादला गेले आणि तिकडेच राहिले. त्या खोलीत बसणाऱ्यांपैकी आता मी उरलो आहे. गणिताच्या मास्तरांना ते नाव पहिल्यापासून लागत होते का, हे मला माहीत नाही.